तसबीर कशावर टांगलेली असते?

जुन्या घरांत तसबिरी उंचावर, पुढे झुकलेल्या असत, आठवतंय ना? इथे बुटीबोरीतही काहींनी पाहिल्या असतील. माणसं जमिनीवर बसत, म्हणून तो झुकाव. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि देवांची रंगीत चित्रं घरोघरी पोचली. काच-चौकट आली तसं वजन वाढलं. सुतळी दमटपणात कुजते, म्हणून तार. कड्या वरच्या काठापासून जितक्या खाली, तितकी तसबीर झुकते. तार कडीतून दोनदा ओवून स्वतःभोवतीच पिळायची. नुसती गाठ सरकते. आणि तसबीर पडली की अपशकुन! १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. कितीतरी घरांतून देव उतरले, बुद्ध-बाबासाहेब चढले. खिळा पुष्कळदा तोच राहिला असेल.