ब्रुकलिनने मागितलेली दुआ

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात समास शिकवत होतो. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "सर, एखाद्या बॅट्समनचा फॉर्म गेला असेल तर त्याच्यासाठी दुआ मागितली तर चालते का?" वर्ग हसला, मीही हसलो. "आधी द्वंद्व समास सांग," असं म्हणून मी विषय टाळला.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. एका वस्तीने सत्तर वर्षांपूर्वी हेच केलं होतं, जाहीरपणे, आणि तीही क्रिकेटसाठी नाही तर बेसबॉलसाठी. ती गोष्ट त्या मुलाला तेव्हाच सांगायला हवी होती. राहून गेली, म्हणून इथे सांगतो.

ब्रुकलिन आज न्यूयॉर्कचा एक भाग आहे, पण १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होतं. न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं तरी लोकांच्या मनातून ते वेगळेपण गेलं नाही. नदीपलीकडचं मॅनहॅटन म्हणजे पैसा, उंच इमारती, रुबाब. ब्रुकलिन म्हणजे गोदीतले कामगार, इटालियन, आयरिश, ज्यू, दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. या सगळ्यांचं एकत्र असं फारसं काही नव्हतं. एक बेसबॉलची टीम तेवढी होती, डॉजर्स. नावाचा उगमही गमतीदार आहे. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामचं जाळं होतं आणि लोकांना त्या चुकवत चालावं लागायचं. चुकवणारे म्हणून डॉजर्स.

टीमचं मैदान एबेट्स फील्ड. जेमतेम बत्तीस हजार माणसं मावतील एवढंच. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई तिथे गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन बसायची आणि ती वाजवून मैदान डोक्यावर घ्यायची. स्कोअरबोर्डाखाली एब स्टार्क नावाच्या कपडेविक्रेत्याची पाटी होती: या पाटीवर चेंडू मारा, सूट जिंका. मोहल्ल्याच्या टूर्नामेंटमध्ये "सिक्सर मारणाऱ्याला अमुक दुकानातर्फे शर्टपीस" अशी घोषणा ऐकलेल्यांना हे वातावरण नवं वाटणार नाही.

याच टीमने १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं. विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉलमध्ये त्याआधी एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. त्यामुळे डॉजर्स ही ज्यांना कुणीच आपलं म्हणत नव्हतं अशांचीही टीम झाली.

आणि ही टीम हरायची. साधी नव्हे, अगदी शेवटच्या पायरीवर. दर ऑक्टोबरला दोन लीगचे विजेते सात सामन्यांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये भिडतात, चार जिंकेल तो जगज्जेता. डॉजर्स १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वेळा तिथे पोहोचले आणि पाचही वेळा यँकीजकडून हरले. यँकीज म्हणजे त्याच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली, पैशाने आणि किताबांनी गब्बर टीम. दर वेळी ब्रुकलिनचे लोक एकमेकांना सांगायचे, पुढच्या वर्षी बघू. हे त्यांचं घोषवाक्यच होऊन बसलं होतं.

या टीमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू गिल हॉजेस. इंडियाना राज्यातल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून ओकिनावाच्या लढाईत होता, पदक मिळवून आला, पण त्याबद्दल फारसं बोलायचा नाही. धिप्पाड शरीर, प्रचंड मोठे पंजे, आवाज मात्र खालचा. ३१ ऑगस्ट १९५० रोजी त्याने एकाच सामन्यात चार होमरन मारले. लग्न ब्रुकलिनच्याच जोनशी केलं आणि तिथेच घर केलं. शेजाऱ्यांना तो दुकानात, रस्त्यावर, रविवारी चर्चमध्ये दिसायचा.

बेसबॉलच्या फलंदाजीबद्दल एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. आपल्याकडे चांगला फलंदाज रोज थोडंफार करतोच. बेसबॉलमध्ये दहा संधींपैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा उत्तम समजला जातो. म्हणजे सात वेळा मान खाली घालून परत यायचं आणि तरी उत्तम! अपयश हा त्या खेळाचा रोजचा पगार आहे. त्यामुळे खराब दिवस आणि गेलेला फॉर्म यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे प्रेक्षकाला कळत नाही आणि खेळाडूला तर त्याहून नाही.

१९५२ च्या हंगामात हॉजेसने ३२ होमरन मारले होते. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज आली, समोर पुन्हा यँकीज. पहिला सामना, फटका नाही. दुसरा, नाही. असे सात सामने झाले. एकवीस वेळा तो अधिकृतपणे फलंदाजीला उभा राहिला आणि एकवीस वेळा शून्य. डॉजर्स चार-तीनने हरले. एवढ्या चुरशीच्या मालिकेत त्याचे दोन फटके जरी बसले असते तर... हा हिशोब ब्रुकलिनच्या प्रत्येक माणसाने थंडीभर केला असणार.

१९५३ चा हंगाम सुरू झाला तरी तेच. मे महिन्याच्या मध्यात त्याची सरासरी हजारात १८७ पर्यंत घसरली आणि मॅनेजर चार्ली ड्रेसनने त्याला बाहेर बसवलं.

इथे थोडं माझं सांगतो. १३ मार्च १९९६ च्या रात्री मी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसलो होतो. ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल, श्रीलंकेचे २५१. एक बाद ९८ वरून आपण आठ बाद १२०. अझहरुद्दीन शून्यावर, गोलंदाजाच्याच हातात झेल देऊन गेला. त्यानेच टॉस जिंकून आधी गोलंदाजी घेतली होती. मग बाटल्या आल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. बाटल्या फेकणारे तिकडे कोलकात्यात होते. मी आमच्या गल्लीत होतो, आणि ज्याच्या मनगटाची नक्कल करत मी लहानाचा मोठा झालो त्या अझहरला मी त्या रात्री तोंडाला येईल ते बोललो. अब्बा एवढंच म्हणाले, "तो तुझा नोकर आहे का?" मी चूप बसलो, पण मनातून उतरला तो उतरलाच. पुढे इंग्लंडच्या दौऱ्यात त्याच्या बॅटला धावांनी पाठ फिरवली, कर्णधारपद गेलं, तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

म्हणून ब्रुकलिनच्या लोकांनी जे केलं ते वाचताना मला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं. आता हे लोक काही संत नव्हते. स्वतःच्या टीमला ते प्रेमाने का होईना निकम्मे म्हणायचे. ड्यूक स्नायडर हा तर त्यांचा हॉजेसपेक्षाही मोठा तारा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्याची इतकी हुर्यो उडवली गेली की तो भडकून पत्रकारांना म्हणाला, ब्रुकलिनचे प्रेक्षक अख्ख्या लीगमध्ये सर्वांत वाईट आहेत. हॉजेसची मात्र एबेट्स फील्डवर कधीच हुर्यो उडवली गेली नाही, असं सांगतात. १९५३ च्या त्या दिवसांत तो मान खाली घालून परतायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्याच्या नावाने पत्रं येऊ लागली. कुणी जपमाळ पाठवली, कुणी ताईत म्हणून जपलेली एखादी वस्तू.

आणि एका रविवारी फादर हर्बर्ट रेडमंड नावाचे ब्रुकलिनमधले एक कॅथलिक पाद्री प्रवचनाला उभे राहिले. दिवस उकाड्याचा होता. आज प्रवचनाला फार गरम होतंय, ते म्हणाले. घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. झालं प्रवचन!

एखाद्या जुम्याला खुतब्यात इमामसाहेबांनी असं काही म्हटलं तर काय होईल, अशी कल्पना करून पाहिली. निम्मी मस्जिद नाराज होईल, निम्मी खूश होईल, आणि खूश होणारे जास्त मोठ्याने आमीन म्हणतील.

दुआ सुरू असताना ड्रेसनही स्वस्थ बसला नव्हता. त्याने हॉजेसच्या फलंदाजीचं चित्रीकरण करून घेतलं आणि ते त्याला दाखवलं. चेंडू येताना हॉजेसचा डावा पाय पुढे पडण्याऐवजी तिसऱ्या बेसच्या दिशेला सरकत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फलंदाज लेगकडे पळत होता. बाहेरच्या बाजूने वळणाऱ्या चेंडूपर्यंत बॅट पोहोचणार कशी? पायाची जागा सुधारली आणि फटके बसू लागले. हंगाम संपला तेव्हा सरासरी हजारात ३०२, होमरन ३१ आणि त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा १२२.

दुआ कामी आली की फिल्म, असा वाद मला फिजूल वाटतो. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हे आपण लहानपणीच शिकलो. ड्रेसनने उंट बांधला. पण पाय कुठे पडतोय हे पाहून दुरुस्त करायला खेळाडूला वेळ लागतो, आणि रोज तीस हजार माणसं अंगावर ओरडत असतील तर तो वेळ मिळत नाही. ब्रुकलिनने त्याला वेळ दिला. माझ्या लेखी दुआचा असर हाच.

त्या ऑक्टोबरमध्ये डॉजर्स पुन्हा यँकीजकडून हरले, पण हॉजेस हजारात ३६४ च्या सरासरीने खेळला. पुढच्या वर्षी बघू.

ते पुढचं वर्ष ४ ऑक्टोबर १९५५ ला उजाडलं. सातवा सामना, यँकीजच्याच मैदानावर. जॉनी पॉड्रेसने यँकीजला एकही धाव दिली नाही, सँडी अमोरोसने पळत जाऊन एक अशक्य झेल घेतला. डॉजर्स दोन-शून्यने जिंकले. त्या दोन्ही धावा हॉजेसच्या फटक्यांवर आल्या, एक चौथ्या डावात, एक सहाव्या. शेवटचा चेंडू पी वी रीसने उचलून पहिल्या बेसकडे फेकला. थ्रो खाली राहिला होता. हॉजेसच्या मोठ्या पंजाने तो उचलला आणि ब्रुकलिन पहिल्यांदा जगज्जेतं झालं. ब्रुकलिनचा तो एकमेव किताब.

एकमेव, कारण दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओमॅली टीम उचलून लॉस एंजेलिसला घेऊन गेला. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवरच्या शेवटच्या सामन्याला फक्त ६,७०२ माणसं होती. १९६० मध्ये मैदान पाडलं, तिथे आता राहत्या इमारती आहेत. खेळाडूला वेळ देणाऱ्या लोकांना मालकाने वेळ दिला नाही. ब्रुकलिनमधले कित्येक म्हातारे ओमॅलीचं नाव शेवटपर्यंत तोंडात घेत नव्हते.

हॉजेस टीमबरोबर कॅलिफोर्नियाला गेला खरा, पण न्यूयॉर्कमध्ये मेट्स ही नवी टीम निघाली तेव्हा परत आला, राहायला ब्रुकलिनमध्येच. १९६९ मध्ये त्याच मेट्सला, ज्यांची सगळे टिंगल करायचे, त्याने मॅनेजर म्हणून जगज्जेतं केलं. २ एप्रिल १९७२ ला हृदयविकाराने गेला. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. जनाजा ब्रुकलिनच्या चर्चमधूनच निघाला. जॅकी रॉबिन्सन आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोही गेला. हॉल ऑफ फेमने हॉजेसला घ्यायला २०२२ उजाडलं. पन्नास वर्षं! जोन तेव्हा हयात होती, पंचाण्णव वर्षांची.

आणि अझहर? १९९६ च्याच नोव्हेंबर अखेरीस, त्याच ईडन गार्डन्सवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने ७७ चेंडूंत १०९ केल्या. शतक ७४ चेंडूंत, कपिल देवच्या भारतीय विक्रमाशी बरोबरी करणारं. आपण ती कसोटी हरलो, पण अशी खेळी पुन्हा पुन्हा होत नाही. त्या दिवशी अब्बांचा रेडिओ टेबलावर होता, सेल नवे होते, आणि मी तो लावला नव्हता.