बिनतारी जाळ्यावरील सामूहिक प्रक्षेपण

आवाज, चित्र व मजकूर हवेतून एकाच वेळी असंख्य लोकांपर्यंत पोहोचविणे म्हणजे बिनतारी सामूहिक प्रक्षेपण होय. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्या प्रक्षेपणात संच दहा असोत वा दहा लाख, मनोऱ्यावरील भार तेवढाच राहत असे. मोबाईलवर मात्र सामान्यतः प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जाते. एका मनोऱ्याखालील २०० जणांनी सेकंदाला १ मेगाबिट वेगाचे एकच चित्र पाहिले, तर २०० मेगाबिटचा भार पडतो व चित्र अडखळते.

एकच प्रत सर्वांसाठी सोडणे हा त्यावरील उपाय होय. तथापि त्यात दोन अडचणी आहेत. हरवलेला भाग प्रत्येकाला पुन्हा मागता येत नाही. म्हणून मूळ माहितीसोबत काही जादा माहिती पाठवितात व तिच्या आधारे फोन तो भाग स्वतः भरून काढतो. दुसरे, प्रक्षेपणाचा वेग सर्वांत क्षीण लहर मिळणाऱ्या श्रोत्यास सोसेल इतकाच ठेवावा लागतो.

पेण-रोहा भागातील रामवाडीसारख्या ठिकाणी विचार करताना डोंगरांचा आडोसा ध्यानात घ्यावा लागतो. तेथे एकाच कंप्रतेवर, एकाच क्षणी चालणारे अनेक लहान प्रक्षेपक उपयुक्त ठरतात.

याच रायगड जिल्ह्यात तळीये (२२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे दरडी कोसळल्या. अशा प्रसंगी सर्वच जण एकदम फोन करू लागतात व जाळे कोंडते. एकाच लहरीने सर्वांना जाणारी सूचना या कोंडीत अडकत नाही. मात्र मनोऱ्याला वीज हवी व लहर वाडीपर्यंत पोहोचावयास हवी.