आकाशांतील रहदारी आणि शिकाऊ वैमानिक

समुद्रावर दोन जहाजें समोरासमोर आलीं असतां कोणीं कोणत्या बाजूस वळावें, मागून येणाऱ्यानें पुढच्यास कसें टाळावें, याचे निर्बंध विमानाचा जन्म होण्यापूर्वींच ठरून गेले होते. १९१९ सालीं पॅरिस येथें राष्ट्राराष्ट्रांत हवाई वाहतुकीचा करार झाला, तेव्हां तेच निर्बंध थोड्याफार फेरफारानें आकाशास लावण्यांत आले. विमानतळाभोंवतीं फेरा घ्यावयाचा तो डावीकडे वळत, हा नियमहि त्यांतलाच. नवशिका वैमानिक आरंभीं बहुधा हाच डावा फेरा गिरवितो. या साऱ्या व्यवस्थेचा पाया मात्र एकच होता: आपल्या डोळ्यांनीं दुसऱ्यास पाहावें आणि टाळावें. विमानें कापडी पंखांचीं व मंदगति होतीं तोंवर हा पाया पुरला. पुढें त्यावर किती भार पडला, हें सॅन डिएगो शहरच्या एका सकाळच्या हकीकतीवरून चांगलें कळतें.

सॅन डिएगो हें अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील बंदर. १९२७ सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गचें विमान याच गांवीं बांधलें गेलें, म्हणून तेथील मुख्य विमानतळास लिंडबर्ग फील्ड असें नांव पडलें. २५ सप्टेंबर १९७८, सोमवार, आकाश निरभ्र. जवळच्या माँटगोमेरी फील्ड या लहान विमानतळावरून सेस्ना १७२ जातीचें चार आसनांचें विमान निघालें. त्यांत दोघे होते, एक शिक्षक व एक शिष्य. शिष्यास विमान चालवितां येत होतें. आतां तो केवळ यंत्रांच्या कांट्यांवर भिस्त ठेवून ढगांतून उतरण्याची विद्या शिकत होता. ही विद्या शिकवितांना शिष्याच्या कपाळावर झापड बांधण्याची रीत आहे. त्यामुळें त्याला समोरचे कांटे तेवढे दिसतात, बाहेरचें जग दिसत नाहीं. बाहेर पाहण्याचें काम शिक्षकाचें. डोळ्यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेंत चार डोळ्यांपैकीं दोन मुद्दाम मिटावयाचे, असा हा प्रकार! शिवाय या अभ्यासास जमिनीवरून दिशा दाखविणारी बिनतारी यंत्रणा लागते. माँटगोमेरीस ती नव्हती, लिंडबर्गला होती. म्हणून हा धडा मोठ्या विमानांच्या वाटेवर जाऊन गिरवावा लागे.

सेस्नानें लिंडबर्गवर दोनदां उतरणीचा सराव केला आणि तें ईशान्येकडे निघालें. ३,५०० फुटांच्या वर जाऊं नये व ७० अंशांच्या दिशेनें जावें, अशी त्यास आज्ञा होती. कांहीं वेळानें तें न कळवितां सुमारें ९० अंशांकडे, म्हणजे नीट पूर्वेस, वळलें. त्याच वेळीं लॉस एंजेलिसहून आलेलें पॅसिफिक साउथवेस्ट कंपनीचें बोइंग ७२७, १३५ माणसें घेऊन, पूर्वेकडेच तोंड करून खालीं येत होतें. सेस्ना पुढें व खालीं, बोइंग मागें व वर.

नियंत्रकानें बोइंगला सेस्नाची सूचना दिली. दिसत आहे, असें उत्तर येतांच नजरेनेंच अंतर राखण्याची जबाबदारी बोइंगवर आली. थोड्या वेळानें सेस्ना नजरेआड झालें. चालकांनीं आपसांत विचारपूस केली, आणि तें उजवीकडून मागें गेलें असावें अशा अर्थाचें मनोऱ्यास कळविलें. ऐकणाऱ्या नियंत्रकास तें ‘जात आहे’ असें ऐकूं आलें. व्याकरणाच्या तासाला मुलें ज्याकडे कंटाळून पाहतात, त्या भूतकाळ-वर्तमानकाळाच्या भेदांत येथें जवळजवळ दीडशें जीव अडकले होते.

टकरीपूर्वीं १९ सेकंद नियंत्रण-कक्षांतील गणकयंत्रानें धोक्याचा इशारा दिला. पण असले इशारे पुष्कळदां उगाच होत, आणि बोइंगची नजर सेस्नावर आहे अशी समजूत होती. म्हणून तो विमानांपर्यंत पोंचलाच नाहीं. सकाळीं ९ वाजून २ मिनिटांच्या सुमारास, सुमारें २,६०० फुटांवर, बोइंगनें सेस्नास वरून गांठलें. दोन्ही विमानें नॉर्थ पार्क या वस्तीवर कोसळलीं. बोइंगमधील १३५, सेस्नांतील २ व जमिनीवरील ७, असे १४४ जीव गेले. २२ घरें मोडलीं वा जळालीं.

१९७९ च्या चौकशी-अहवालांत मुख्य दोष बोइंगच्या चालकांकडे आला: सेस्ना दिसेनासें झालें, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें नाहीं. मंडळाच्या एका सभासदानें मात्र भिन्न मत नोंदविलें. नियंत्रणाच्या रीतीचा दोष त्यास तितकाच मोठा वाटत होता. त्याचें म्हणणें अधिक पटतें. वरून पाहतांना खालचें लहान विमान घरांच्या छपरांत मिसळून जातें. शिवाय ज्या विमानाशीं गांठ पडावयाची असते तें समोरच्या कांचेवर सरकत नाहीं. ठिपक्यासारखें जागच्या जागीं राहतें व शेवटच्या कांहीं सेकंदांतच मोठें होतें. मनुष्याचा डोळा हलत्या वस्तूकडे ओढला जातो. स्थिर ठिपका त्याच्या हातून सहज निसटतो. रडार जवळ असतां सारी भिस्त अशा डोळ्यावर टाकणें हा कांहीं डोळ्याचा अपराध नव्हे.

पुढें १९८० सालीं लिंडबर्गभोंवतींच्या आकाशांत रडारवरील नियंत्रकाच्या परवानगीखेरीज शिरण्यास लहानमोठ्या सर्व विमानांना मनाई झाली. माँटगोमेरी फील्डवरहि दिशा दाखविणारी बिनतारी यंत्रणा बसविण्यांत आली, आणि झापड बांधलेल्या शिष्यांना आपला धडा आपल्याच तळावर गिरवितां येऊं लागला.