बंद होतं, काढलेलं नव्हतं

कोकणात चाकरमान्यांची घरं वर्षातले कितीतरी महिने बंद असतात. असं एखादं जुनं घर उतरवायचं ठरलं, की कौलांना हात लावण्याआधी वायरमन टेस्टर काढतो. मालक सांगतात, "अहो, इथला लाइट कधीचाच बंद आहे." वायरमन तरीही टेस्टर लावतोच. दिवा लागत नाही म्हणून वायरीत वीज नाही, असं त्याला धरून चालत नाही.

रत्नागिरीत बसून मी सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर काढताना हीच सवय लागते. ती का लागते, हे नव्या मुलांना सांगताना मी १ ऑगस्ट २०१२ या एकाच दिवसाचा घटनाक्रम त्यांच्यापुढे ठेवतो. त्याचे तपशील अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे 'सेक'ने, १६ ऑक्टोबर २०१३ रोजी काढलेल्या आदेशात आहेत. घडलं सगळं अमेरिकेत, पण त्या दिवसाच्या वेळा मी आपल्या घड्याळाप्रमाणे देतो.

नऊ वर्षं आधी : २००३
नाइट कॅपिटल ही न्यू जर्सीतली दलाली कंपनी. २०१२च्या सुमारास अमेरिकेतल्या शेअर व्यवहारांपैकी सुमारे दहा टक्के व्यवहार तिच्या हातून होत. तिच्या 'स्मार्स' या प्रणालीचं काम सोपं होतं. आलेली मोठी ऑर्डर घ्यायची, तिचे लहान तुकडे करायचे आणि बाजारात पाठवायचे. स्मार्समध्ये 'पॉवर पेग' नावाची एक सोय होती. २००३ मध्ये तिचा वापर थांबला. कोड मात्र सर्व्हरवर तसाच राहिला.

सात वर्षं आधी : २००५
पाठवलेल्या तुकड्यांपैकी किती शेअर्सचा व्यवहार झाला, हे मोजणारा भाग कोडमध्ये दुसऱ्या जागी हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग कुणी चालवून पाहिली नाही. वापरातच नाही, तर तपासायची कशाला? पण आता ती चुकून सुरू झाली असती, तर 'ऑर्डर पुरी झाली, थांब' असं तिला सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पाच दिवस आधी : २७ जुलै २०१२
न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची नवी योजना १ ऑगस्टला सुरू होणार होती. तिच्यासाठी नाइटने नवा कोड लिहिला. तो पॉवर पेगच्या जागी बसायचा होता. नवं काम सुरू करण्यासाठी ऑर्डरवर जी खूण लागणार होती, ती मात्र पॉवर पेगचीच जुनी खूण होती.

२७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने आठ सर्व्हरवर हा कोड चढवायला सुरुवात झाली. सातांवर तो चढला, आठवा राहून गेला. दुसऱ्या माणसाने पडताळून पाहावं, असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. त्यामुळे एकच खूण सात सर्व्हरना नवं काम सांगत होती आणि आठव्याला पॉवर पेग.

८९ मिनिटं आधी : १ ऑगस्ट २०१२, संध्याकाळी ५:३१
न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजून एक मिनिट. नाइटच्याच एका यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ईमेल पाठवायला सुरुवात केली. त्यांत स्मार्सचं नाव होतं आणि चूक लिहिली होती, 'पॉवर पेग बंद आहे'. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल गेले. ते धोक्याचा इशारा म्हणून आखलेले नव्हते, म्हणून त्यांवर कुणी काही केलं नाही. मला सगळ्यात जास्त याच ओळी लागतात. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या गोष्टीचं नाव सकाळी सकाळी समोर येतं, आणि ती अजून इथे का आहे, असं कुणी विचारत नाही.

शून्य : संध्याकाळी ७:००
रत्नागिरीत दिवेलागण, न्यूयॉर्कमध्ये साडेनऊ. बाजार उघडला. आठव्या सर्व्हरवर खूण असलेल्या ऑर्डरी पोचल्या आणि पॉवर पेग जागी झाली. ती तुकडे पाठवत राहिली, मोजणारं कुणी नव्हतं.

७:०० ते ७:४५ च्या दरम्यान
घोटाळा दिसत होता, मूळ सापडत नव्हतं. संशय साहजिकच नव्या कोडवर गेला. म्हणून ज्या सात सर्व्हरवर तो बरोबर चढला होता, त्यांच्यावरूनच तो काढून टाकला. खाली जुनी पॉवर पेग होतीच. खूण लावलेल्या ऑर्डरी येतच होत्या. आता त्या सातांवरही तिला जागं करू लागल्या.

७:४५
पाऊण तासात २१२ ऑर्डरींच्या पोटी ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले होते. शेअर १५४ कंपन्यांचे, संख्या ३९ कोटी ७० लाखांच्या वर. नुकसान ४६ कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार कोटी रुपयांच्या पुढे.

त्यानंतर
दोन दिवसांत नाइटच्या शेअरचा भाव सुमारे तीन चतुर्थांशाने घसरला. ६ ऑगस्टला बाहेरच्या गुंतवणूकदारांचे ४० कोटी डॉलर घेऊन कंपनी तगली. २०१३ मध्ये गेटको या कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं. सेकने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला.

आपले सर्व्हर लहान असतात, पण धडा तोच आहे: बंद केलेली गोष्ट काढलेली नसते, आणि काढायची तर नीट काढावी लागते. डेबियन लिनक्सच्या धोरणात एक नियम आहे: आधीच थांबलेल्या सेवेला 'थांब' म्हटलं, तर उत्तर 'यशस्वी' असं आलं पाहिजे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. सेवा चालू नाही, ही चूक नव्हे. आपल्याला तेच तर हवं होतं. पण पॅकेज बनवणाऱ्याने तिला चूक मानलं, तर काढण्याआधी चालणारी स्क्रिप्ट नापास होते, पॅकेज बसवणारं-काढणारं डेबियनचं साधन डीपीकेजी तिथेच अडतं आणि पॅकेज धड आत नाही, धड बाहेर नाही. मग रात्री अकराला कंटाळलेला माणूस फोल्डर हातानेच पुसायला घेतो. खरा अनर्थ तिथून सुरू होतो.

पण 'चालू नाही' एवढ्यावर थांबूनही भागत नाही. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये कधी सेवा झोपलेली असते आणि तिच्यासाठी जोडणीची वाट पाहणारा सॉकेट दारात जागा असतो. पहिली जोडणी आली, की तो सेवेला उठवतो. म्हणून पॅकेज काढताना सेवेबरोबर सॉकेट आणि टायमरही थांबवावे लागतात, मशीन सुरू होताना सेवा उठवणारे दुवे काढावे लागतात. डेबियनमध्ये पॅकेज काढलं तरी त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, जुन्या पद्धतीची सुरुवातीची स्क्रिप्टही त्यांत असते. म्हणून तिने आधी मूळ प्रोग्रॅम जागेवर आहे का, हे पाहायचं आणि नसेल तर गुपचूप बाहेर पडायचं.

हे सगळं झाल्यावर मी एक काम मुलांकडून करून घेतो. सेवा बंद आहे, हे माहीत असलं तरी पोर्टवर कुणी ऐकतंय का, प्रोग्रॅमची फाइल उरली आहे का, हे प्रत्येक मशीनवर जाऊन बघायचं. सात मशीनवर नीट झालं, म्हणून आठवं सोडायचं नाही.