गोफणीचा फणा

भंडाऱ्याकडे धान निसवला की पाखरांची धाड पडते. त्यांना हाकलायला गोफण ही जुनी सोय. तिथल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, म्हणून तिथे ती गोफन. मोहेंजोदडोत सापडलेले मातीचे भाजके गोळे गोफणीचेच मानतात, आणि दाविदाने गोलियथाला पाडलं तेही तिनेच. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

मला ती अचानक भेटली ती सुश्रुतसंहितेत! जखम बांधायचे चौदा बंध सुश्रुत सांगतो, त्यांत एक 'गोफणा'. हनुवटी, नाक, ओठ, खांदा, ओटीपोट इथे बांधायचा. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. ग्रीक वैद्यही नाकाच्या अशाच पट्टीला आपल्या गोफणीचं नाव देत. मला यात उसनवारी दिसत नाही; वस्तूच तशी आहे.

सोपी व्युत्पत्ती अशी की 'गो' म्हणजे गाय आणि गुराखी गोफणीने भरकटलेली गुरं वळवतो. मग 'फणा'चं काय करायचं? आणि हनुवटीच्या पट्टीत गाय कुठून आणायची? ऋग्वेदात 'गो' म्हणजे नुसती गाय नव्हे. चामड्याची वादी, धनुष्याची दोरीसुद्धा. तेव्हा गोफणा म्हणजे वादीला फुटलेला फणा, असं माझं ठाम मत. शब्द मुळात परकाच होता, संस्कृतने त्याला आपल्या घाटाचा करून घेतला, असा आक्षेप कुणी घेईल. घेऊ दे. तसं असलं तरी घाट बसवणाऱ्याला फणाच दिसला ना?

तो दिसावाच, कारण दगड त्यातच बसतो, सगळा भार त्याच्यावर. शंभर ग्रॅमचा दगड एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला तीन फेरे या एकसारख्या वेगाने फिरवला, तर त्याला आत ओढून धरायला सुमारे साडेतीन किलो वजनाइतका जोर लागतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट. नुसत्या दोरीतून दगड केव्हाच निसटला असता.

हा आतला ओढा समजावताना न्यूटननेही 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त गोफणच घेतली. त्याआधी 1644 मध्ये देकार्तने, सुटलेला दगड स्पर्शरेषेने जातो हे तिच्यावरूनच मांडलं होतं. हायगेन्सने 1673 मध्ये या ओढीचे नियम छापले, पण त्याचा भर बाहेर पळू पाहणाऱ्या जोरावर. आत खेचणाऱ्या जोराला नाव दिलं ते न्यूटनने.

राखणदाराला यातलं निम्मं हातानेच कळलेलं असतं. डोक्यावर आडवी फिरवलेली गोफण दगड समोर आल्यावर सोडली तर तो बाजूला भरकटतो. उजव्या हाताने, वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरवली, तर दगड उजवीकडे असतानाच मोकळं टोक सुटायला हवं. तरच तो समोरच्या थव्याकडे जातो.