झीरो विमान ते बुलेट ट्रेन : एका थरथरीचा माग

१/ महामार्गावर गाडीने विशिष्ट वेग गाठला की स्टिअरिंग थरथरू लागते. अशा वेळी मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती स्पीडला?" दोषाचा पहिला पुरावा वेगच देतो. हाच प्रश्न एका जपानी अभियंत्याने आधी विमानाला आणि मग रेल्वेला विचारला. त्या शोधाचा हा इतिहास.

२/ थरथर मुख्यतः दोन प्रकारची. चाकाचा तोल बिघडला असेल, तर प्रत्येक फेऱ्यागणिक एक हिसका बसतो. हिसक्यांची लय आणि गाडीच्या भागांची नैसर्गिक लय जुळली की थरथर शिगेला पोहोचते. वेग आणखी वाढला की बहुधा ओसरते. दुसरा प्रकार अधिक घातक. तेथे बाहेरून धक्का लागत नाही. गतीतूनच कंपनाला बळ मिळते आणि एका मर्यादेपलीकडे ते वाढतच जाते.

३/ मार्च १९४०. पुढे 'झीरो' म्हणून गाजलेल्या जपानी नौदलाच्या लढाऊ विमानाचा एक नमुना चाचणीत सूर मारताना हवेतच विखुरला. वैमानिक दगावला. नौदलाच्या विमान संशोधन केंद्रात तेव्हा तादाशी मात्सुदायरा हा तिशीतील अभियंता कंपनांचा अभ्यास करीत होता. निदान झाले : शेपटीच्या एलिव्हेटरचा तोल राखणारे वजन तुटले आणि 'फ्लटर', म्हणजे स्वतःच वाढत जाणारी फडफड, सुरू झाली.

४/ एप्रिल १९४१. पुन्हा तसाच सूर, पुन्हा मृत्यू. या वेळी लेफ्टनंट शिमोकावा. आधीच्या चाचण्यांनुसार तो वेग सुरक्षित होता. मात्सुदायरा यांनी वातबोगद्यासाठी नवी प्रतिकृती घडवली. आकार आणि वजनाबरोबर पंखाचा ताठपणाही त्याच प्रमाणात उतरवला. आता फडफड पुष्कळ कमी वेगाला सुरू झाली. जुन्या प्रतिकृती दिसायला विमानासारख्या होत्या, पण विमानासारख्या वाकत नव्हत्या.

५/ १९४५. जपानचा पराभव झाला, नौदल बरखास्त झाले आणि विजेत्यांनी विमाननिर्मितीवर बंदी घातली. बेकार झालेल्या अनेक लष्करी अभियंत्यांना रेल्वेच्या संशोधन संस्थेने आसरा दिला. मात्सुदायरा त्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी हिदेओ शिमा यांच्या पुढाकाराने वेगवान बोगींच्या कंपनांचा अभ्यास करणारा गट स्थापन झाला.

६/ रेल्वेत रूढ समज असा, की डबा हलतो तो रूळ खराब असल्यामुळे. मात्सुदायरा यांना मात्र डब्याच्या डोलण्यात ओळखीची खूण दिसली. रूळ अगदी निर्दोष असले तरी विशिष्ट वेगापुढे गाडी आपणहून डोलू लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. विमानाच्या फडफडीचेच हे भावंड.

७/ कारण चाकाच्या आकारात आहे. रेल्वेचे चाक किंचित शंकूसारखे उतरते असते. आस डावीकडे सरकली की डावे चाक मोठ्या घेरावर फिरते, अधिक अंतर कापते आणि आस पुन्हा मध्याकडे वळते. पण ती मध्यावर थांबत नाही; उजवीकडे जाते, मग पुन्हा डावीकडे. ही चाल नागमोडी असते, आणि जपानी भाषेतील तिच्या नावातही साप आहे. मंद वेगात ती विरते. मर्यादेपलीकडे मात्र ती वाढते आणि चाकाची कड रुळावर आदळू लागते.

८/ १९४७ मध्ये सान्यो मार्गावर प्रवासी गाडी घसरली, तेव्हा मात्सुदायरा यांनी कारण या नागमोडी चालीत शोधले. रूळतज्ज्ञांना ते सहज पटणारे नव्हते. मग वातबोगद्याचाच धडा येथे गिरवला गेला : फिरत्या रोलरांवर लहान प्रतिकृती ठेवून वेग वाढवत न्यायचा आणि डोलणे कधी सुरू होते ते पाहायचे. रोलरवर रूळ खराब असण्याची सबब उरत नव्हती.

९/ १९५५ मध्ये फ्रान्सने ताशी ३३१ किमीचा विक्रम केला. पण त्या धावेनंतर रूळ वेडेवाकडे झाले होते. तेवढा वेग शक्य होता, रोजच्या प्रवाशांसाठी मात्र नव्हे.

१०/ जपानी उपाय साधे दिसतात. चाकाचा उतार जुन्या १/२० वरून १/४० केला, आस धरून ठेवणाऱ्या भागांचा ताठपणा हिशेबाने ठरवला, बोगीच्या वळवळीला रोध दिला आणि डबा हवेच्या स्प्रिंगांवर बसवला. ३० मे १९५७ रोजी तोक्योतील व्याख्यानात या संस्थेच्या संशोधकांनी जाहीर केले : तोक्यो ते ओसाका तीन तासांत शक्य आहे. सुरक्षितता आणि प्रवासातील सुखावहपणा या विषयावर बोलले मात्सुदायरा.

११/ मार्च १९६३ मध्ये चाचणी गाडीने ताशी २५६ किमी वेग गाठला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिंकान्सेन ताशी २१० किमी वेगाने प्रवाशांसाठी धावू लागली. तेव्हापासून गाडी घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यातील एकही प्रवासी दगावलेला नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाची आखणीही याच तंत्रावर झाली आहे.

१२/ या ज्ञानाचा उगम एका युद्धयंत्रात आहे, आणि त्याची पहिली किंमत चाचणी वैमानिकांनी मोजली. त्यांच्या मृत्यूचे निदान "वैमानिकाची चूक" एवढ्यावर मिटवले गेले असते, तर पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नसता : नेमकी किती वेगाला?