वासावरून केस होते का जी?

तान्ह्या पोळ्याच्या रात्री साकोलीजवळच्या नाकाबंदीत एक पोरगा मोटारसायकलसह सापडला. दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन माझ्या ऑफिसात आला. "वकीलसाहेब, वासावरून केस होते का जी?" मामाजवळ तीन तोडगे तयार होते. खोकल्याचं औषध घेतलं होतं म्हणायचं. मेडिकलला दोन तासांपेक्षा उशीर झाला, म्हणजे केस उडालीच. आणि दारू मोहाची होती, ती मशीनमध्ये येत नाही.

तिसरा तोडगा शुद्ध गावठी. मोहाची असो की बाटलीतली, मशीनला अल्कोहोल तेवढं कळतं. पहिल्या दोघांना मात्र खानदान आहे.

29 मे 1951 च्या रात्री मुंबईत एका जीपने माणसांना धडक दिली. चालक पेसिकाका स्वतः परिवहन खात्याचे अधिकारी. तोंडाला दारूचा वास. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे पिणं हाच गुन्हा. त्यांचं म्हणणं, आपण बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्यात 17 टक्के अल्कोहोल. त्याच साली बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने अल्कोहोल असलेली औषधं बंदीतून सोडवली होती. मग हा वास औषधाचा नाही, हे सिद्ध करायचं कोणी? सरकारने, असं सुप्रीम कोर्टाने 1954 साली ठरवलं आणि पेसिकाका सुटले. मामाची खोकल्याची बाटली ती हीच!

सरकारने ही फट 1959 साली बुजवली. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडलं की ते औषधातलं आहे हे आरोपीनेच सिद्ध करायचं. त्याच साली हा कायदा विदर्भालाही लागू झाला. आम्ही आधी मध्य प्रदेशातले, 1956 ला मुंबई राज्यात आलेलो. म्हणजे मुंबईची दारूबंदी आमच्या भंडाऱ्यात आली ती रक्ततपासणी सोबत घेऊनच. पुढे 1971 च्या निकालसंग्रहातल्या करियानी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की वास, झोकांड्या, अडखळती जीभ, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही. रक्त-लघवी तपासलीच नव्हती. पण तो दारूबंदीचा खटला. गाडी चालवण्याचा गुन्हा वेगळ्या कायद्यातला, आणि लोक हे दोन कायदे एकाच पोत्यात भरतात. (सांगून ठेवतो, काही वकीलही भरतात.)

गाडीच्या कायद्याची गोष्ट निराळीच. 1939 च्या मूळ मोटार कायद्यात आकडाच नव्हता. गाडीवर ताबा राहणार नाही इतकी नशा दाखवावी लागे. 1988 च्या कायद्यात उलटं टोक होतं, रक्तात कितीही थोडी दारू सापडली तरी गुन्हा. 1994 मध्ये दुरुस्ती होऊन 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आली, श्वासाच्या यंत्रावर मोजायची. 2019 मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड 2,000 वरून 10,000 पर्यंत गेला, आणि प्रयोगशाळेची तपासणीही त्या कायद्याच्या कलम 185 मध्ये आली. इथे आकडा 30 ओलांडला की अल्कोहोल बाटलीतून आलं की खोकल्याच्या औषधातून, हे ते कलम विचारत नाही.

मामाच्या दोन तासांची गंमत याच कायद्याच्या कलम 202 मध्ये आहे. अटकेनंतर दोन तासांत मेडिकल झालं नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडायचं. कोठडीतून, खटल्यातून नाही. बचाव लढायचा तर मी आधी नमुना पाहतो. रक्त कोणी घेतलं, सील कोणी केलं, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते कुठे पडून होतं. या साखळीची एखादी कडी तुटली तर काही बोलता येतं.

या पोराची साखळी शाबूत होती, आकडा 84. मी त्याला गुन्हा कबूल करायला सांगितलं. दहा हजार भरून तो घरी गेला. मामा अजून गावात सांगत फिरतो, वकील कच्चा निघाला.